पाच माशांचा वर्षावास

१० जुलै, आषाढ पौर्णिमा

पहाटे वंदना. पौर्णिमेच्या उपोसथ-व्रताचे अष्टशील घेतले. भोजन साडेअकराला आटोपले, आता उद्या सकाळपर्यंत फक्त पाणी.

पावसाळ्याच्या तीन महिन्यांचा वर्षावास सुरू झाला. विहारातले ग्रंथवाचन यंदाही माझ्याकडेच आले. आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज सायंकाळी पाच ते सहा. आवाज टिकला पाहिजे. ज्येष्ठमध आणायचे आहे.

प्रज्ञा काल जबलपूरला गेली. दवाखान्याच्या प्रयोगशाळेतले तीन महिन्यांचे प्रशिक्षण. जाताना तिच्या खोलीतली काचेची टाकी आणि तीतले पाच मासे माझ्या स्वाधीन करून गेली. "बाकी सारं आई सांगन," एवढेच म्हणाली. तिची आई, म्हणजे आमची सौ., लांजीला बहिणीकडे आहे.

टाकी तीन वर्षे घरात आहे. तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो तो आज प्रथमच. लांब पट्टीसारख्या पानांची दाटी, एका लाकडी खोडावर मऊ शेवाळ आणि त्यातून संथपणे ये-जा करणारे हे पाच जण. आकार वाटाण्याहून किंचित मोठा. हिरवट पिवळे अंग, त्यावर गडद ठिपके. केरळातल्या नद्यांचे रहिवासी. फार घाबरले तर फुगून गोल होतात म्हणे. प्रज्ञा त्यांना 'मटरू' म्हणते. त्यांचे दोन डोळे दोन स्वतंत्र दिशांना फिरतात. एक माझ्यावर होता, दुसरा पानामागे काय हलले त्यावर. एकाग्रता हा विषय मी चाळीस वर्षे शिकवला. एकाच वेळी दोन विषयांवर एकाग्र असलेला प्राणी आज पाहिला.

शेजारी एक बरणी आहे, तीत बारीक गोगलगायी. त्याही पाळलेल्या असाव्यात.

११ जुलै

बाजारातून माशांच्या दाण्याचा डबा आणला. चिमूटभर टाकला. पाचही आले. दाण्याभोवती थांबले, नीट निरखले आणि सभ्यपणे परत गेले. एखादी पत्रिका चुकीच्या घरी पोचावी तसे.

वाचन चांगले झाले. ऐकायला बावीस जण.

१३ जुलै

दाणा तळाशी पडून कुजतो आहे. पाचांतल्या सर्वांत लहानाचे पोट आत गेलेले दिसले. त्याला मी मनाशी 'धाकटा' म्हणू लागलो आहे. सकाळी प्रज्ञाला फोन केला.

"बाबा, दाना कोन टाकाले सांगतला तुमाले? सूखा वो लोग छूते भी नहीं. बरणीतल्या गोगलगायी हायेत नं, त्या टाकाच्या. रोज दोन-तीन."

"जिवंत?"

"मग का मेलेल्या? हलनारी वस्तू पाह्यजे त्याईले. शिकारी हायेत ते, बाबा."

माझी अडचण तिने ओळखली. मग म्हणाली, "म्हनूनच मी तुमाले इतके दिवस सांगतलं नाई. पन आता मेले तं मले फोन नका करू. मले आइकवनार नाई."

भिक्षूंसाठी नियम आहे: आपल्याकरिता प्राणी मारला गेल्याचे पाहिले नाही, ऐकले नाही, तशी शंकाही नाही, तरच ते मांस दोषरहित. मी तर भिक्षूही नव्हे, मांसही सोडून अठरा वर्षे झाली. पण या घरात, भिंतीच्या पलीकडे, तीन वर्षे माझ्या नावाने तोच नियम चालू होता. न पाहणारा मी, न ऐकणारा मी.

दुपारी सौ. लांजीहून परतली. पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच तिला सांगितले की माशांना जेवण घाल.

"तुमी काहून नाई घातलं?"

"माझे शील आहे."

"आन माह्यं शील का उकिरड्यावर पडलं हाय?"

पण तिने टाकीकडे पाहिले, धाकट्याचे पोट पाहिले, आणि पदर खोचून बरणीत हात घातला. मी पाठ फिरवून कपाटातली पुस्तके नीट लावीत उभा राहिलो. ती आधीच नीट होती.

१४ जुलै

स्वतः मारणे आणि सांगून मारवणे यांत भेद नाही, हे मी फळ्यावर लिहून मुलांना समजावलेले आहे. काल मी एकाऐवजी दोन माणसांना दोषी केले. एक मी आणि एक ती, जिला कशाचीच भीती नव्हती.

म्हणून आज गोगलगाय माझ्या हाताने सोडली.

ती पाण्यातून तरंगत, हलकेच डोलत खाली आली आणि शेवाळावर टेकली. धाकटा पानाआडून निघाला. हा मासा पोहतो असे म्हणणे बरोबर नाही. तो पाण्यात टांगलेला असतो. पाठीचा आणि कडेचा इवलासा पंख इतका जलद थरथरतो की तो दिसेनासा होतो आणि देह मात्र स्थिर. बोटभर अंतरावर थांबला. शेपूट एका बाजूला वळवली. समोरून पाहिले, मग डावीकडून, मग किंचित वरून. गोगलगाईने अंग बाहेर काढले, शिंगे लांबवली. तो तरीही थांबला. तीन दिवस उपाशी राहून काल एकदाच जेवलेला जीव, आणि तरी त्याने निरीक्षण पुरे केल्याशिवाय तोंड पुढे केले नाही. मग एकच झेप. काम झाले.

पाहून मन भरून आले, हे लिहून ठेवतो. खोटे का लिहावे? गोगलगाईच्या बाजूने हे वाक्य लिहिता आले नसते, हेही लिहून ठेवतो.

सायंकाळी वाचनाआधी सर्वांना पंचशील दिले. जीवहत्या न करण्याचे पहिले शील उच्चारताना उजव्या हाताची बोटे ओली असल्यासारखी वाटली. घरून निघताना धुऊन पुसून निघालो होतो.

२२ जुलै

दिनक्रम बसला. सकाळी वंदना, मग बरणी, मग टाकी. दर रविवारी एक तृतीयांश पाणी बदलायचे, नवे पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेले.

बरणीत पालकाचे उकडलेले पान आणि काकडीची चकती टाकतो. गोगलगायी रात्रीतून पानाची जाळी करतात, इतकी सुबक की ती पुस्तकात ठेवावी. काचेवर त्यांनी घातलेल्या अंड्यांचा पारदर्शक थेंब भिंगातून पाहिला. आत ठिपके हलत होते. मी त्यांना वाढवतो, मी त्यांना खाऊ घालतो, आणि मग...

मासे मला ओळखू लागले. सौ. काचेजवळ गेली तर ते पानांत जातात, मी गेलो की पाचही ओळीने पुढे. सौ. म्हणाली, "पाहा, चेले जमले. आता त्याईलेच वाचून दाखवा, विहारात जाची गरज नाई."

२ ऑगस्ट

गोंदियाच्या दुकानदाराकडे गोठवलेल्या लाल अळ्या मिळतात, असे प्रज्ञाने सांगितले. आधीच मेलेल्या. वाटले, सुटलो. सकाळच्या बसने गेलो. येताना थर्मासात बर्फ, बर्फात पुडा. राजेगावला बस अर्धा तास खोळंबली, तेव्हा थर्मास मांडीवर धरून, त्यावर ओला पंचा टाकून बसलो होतो. शेजारचा प्रवासी म्हणाला, "दवाई है क्या, दादाजी?" म्हटले, हो.

घरी दुसरीच अडचण.

"माह्या फ्रिजमंदी किडे नाई ठेवाचे."

"त्याच कप्प्यात तुझी सुकट आहे."

"ते खाची वस्तू हाय!"

"हीही खायचीच आहे."

सौ. हसली आणि सुकटीचा डबा बाजूला सरकवला.

चिमट्यात धरून अळी पाण्यात हलवली, जिवंत असल्यासारखी. चौघे फसले, चौघांनी खाल्ली. धाकटा आला. डावीकडून पाहिले, उजवीकडून पाहिले. चिमट्याच्या टोकापासून माझ्या बोटांपर्यंत नजर नेली. आणि परत गेला.

काय डोळा आहे! मी हलवतो आहे, अळी हलत नाही, हे त्याला कळले.

९ ऑगस्ट, श्रावण पौर्णिमा

उपोसथ. माध्यान्हीनंतर आहार नाही. माशांचेही आज अकराच्या आत आटोपले. चौघांना अळ्या, धाकट्याला एक गोगलगाय. सौ. दारातून पाहत होती. "त्याईलेई उपास धरवला काय? विचारलं तरी काय त्याईले?"

विहारात आजचा वाचनाचा भाग नेमका करुणेवरचा. वाचून झाल्यावर सिंधूबाई उठल्या. सत्तरीच्या पुढच्या, शिवणकाम करून तीन मुली शिकवलेल्या, कोणाची भीड न धरणाऱ्या. बावीस जणांसमोर विचारले, "गुरुजी, तुमच्या घरी जित्त्या गोगलगायी खानारे मासे हायेत म्हन्तेत. खरं काय?"

"खरे आहे."

"कोन टाकते?"

"मी."

"हं," म्हणाल्या आणि बसल्या. पुढे काही नाही. ते 'हं' घरापर्यंत सोबत आले.

११ ऑगस्ट

ठरवले. वर्षावास संपेपर्यंत जिवंत काही टाकायचे नाही. वाचनाच्या आसनावर बसणाऱ्याचे हात स्वच्छ असले पाहिजेत. गोठवलेल्या अळ्या पुरेशा आहेत. चौघे खातातच. भूक लागली की धाकटाही शिकेल.

मन हलके. आज वाचताना आवाज मोकळा लागला.

१८ ऑगस्ट

धाकटा शिकलेला नाही. शेवाळात सूक्ष्म काही टिपत असतो, त्यावर निभते आहे असे समजतो. बरणीतल्या गोगलगायी खूप झाल्या.

२४ ऑगस्ट

सकाळी धाकटा खोडाच्या खाली, शेवाळाला टेकून. पंखांची थरथर मंद, दिसण्याइतकी. पाठीवरच्या ठिपक्यांचा रंग उडाला आहे. पोट आत, डोके मोठे. एक डोळा माझ्याकडे फिरला, दुसरा फिरला नाही.

सौ. मागे येऊन उभी राहिली. या वेळी थट्टा नव्हती. "कई पासून नाई दिलं त्याले?"

"तेरा दिवस."

"काहून?"

मी सांगितले. आसन, हात, शील. तिने ऐकून घेतले. "तुमाले वाचाले बसाचं होतं म्हनून तो उपाशी मरन," म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली.

इतक्या वर्षांत माझ्या कोणत्याही भाष्यावर कोणी इतके अचूक टिपण केलेले नाही.

लगेच बरणीतली सर्वांत लहान गोगलगाय काढली आणि त्याच्या तोंडापुढे सोडली. पाहिले. हलला नाही. ती त्याच्या अंगावरून चढून पलीकडे गेली.

वाचनाला गेलो नाही. निरोप पाठवला, प्रकृती बरी नाही. निरोप खोटा. चौथे शीलही गेले.

२५ ऑगस्ट

जिवंत आहे. खाल्ले नाही.

सौ.ने कूलरच्या तळाचे पाणी एका भांड्यात आणले. त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. "गोगलगाय फोडाची ताकद नाई त्याच्यात. हे नरम हाय. लेकराले पयले पेजच देतेत नं?"

पूर्वीचे भिक्षू पाणी कापडाने गाळून पीत, त्यातला बारीक जीव मरू नये म्हणून. त्यासाठी जवळच्या ठरलेल्या आठ वस्तूंत एक गाळणे बाळगीत. आज मी धुतलेल्या मलमलीने कूलरचे पाणी गाळले, बारीक जीव वर राहावेत म्हणून.

तीन अळ्या सोडल्या. दुसरी त्याच्या तोंडासमोरून गेली तेव्हा त्याने डोळा फिरवला. तिसरी नाहीशी झाली. मी ती पाहिली नव्हती, सौ.ने पाहिली. "खाल्ली! खाल्ली! अवो, खाल्ली नं!" म्हणून तिने माझा दंड असा धरला की अजून दुखतो आहे.

७ सप्टेंबर, भाद्रपद पौर्णिमा, रविवार

उपोसथ. पाणी बदलले.

धाकट्याचे पोट गोल झाले आहे. रंग परतला. आज त्याने स्वतःच्या अर्ध्या आकाराची गोगलगाय गाठली. कवच फोडले नाही. तिने अंग बाहेर काढेपर्यंत वाट पाहिली, पाव तास, जागेवरून न ढळता. मी पंधरा मिनिटे आसनावर बसलो तर गुडघे बोलू लागतात. संयमाची व्याख्या सांगताना आजवर मी ऋषींची आणि भिक्षूंची उदाहरणे दिली. आता हा इवलासा शिकारी आठवेल, आणि उदाहरण म्हणून सांगता येणार नाही. संयम कशासाठी, हा प्रश्न लगेच येईल.

वाचन चालू. पंचशील मी देत नाही, सर्वांबरोबर खाली बसून घेतो. कोणी कारण विचारलेले नाही.

२८ सप्टेंबर

प्रज्ञाचा फोन. आनंदाची बातमी: जबलपूरलाच नोकरी मिळते आहे. सौ. रडली, मग पेढे आणायला मलाच पाठवले.

रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा फोन आला, या वेळी माझ्यासाठी.

"बाबा, इकडं होस्टेलमंदी टाकी नाई ठेवू देत. गोंदियावाले भैया वापस ले लेंगे बोले. नाई तं... तुमी ठेवता काय? अजून एक-दोन वर्षं जगतीन ते. रोज द्या लागन. जबरदस्ती नाई हाय."

"दुकानात त्यांना काय घालतात?"

"तेच, बाबा."

"विचार करतो."

"मले मालूम हाय तुमाले तकलीफ होते. आईनं सारं सांगतलं." मग, "धाकटा कसा हाय?" हे नाव मी तिला कधी सांगितले नव्हते.

३ ऑक्टोबर

निर्णय नाही. दुकानात पाठवले तर गोगलगायी तिथे मरतील, दुसऱ्याच्या हाताने, माझ्या नजरेआड. ते मी एकदा करून पाहिले आहे. ठेवले तर रोज सकाळी, वंदनेनंतर, माझा हात. एक वर्ष, दोन वर्षे. माझे तितके उरले आहे की नाही, हेही ठाऊक नाही.

७ ऑक्टोबर, आश्विन पौर्णिमा

वर्षावास पूर्ण झाला. आज प्रवारणा. तीन महिने एकत्र राहिलेले भिक्षू या दिवशी एकमेकांपुढे हात जोडून म्हणतात, माझा दोष दिसला असेल तर अनुकंपेने सांगा, मी तो सुधारीन. हा भिक्षूंचा विधी. गृहस्थाने करावा असा दंडक नाही. तरी समाप्तीचे वाचन झाल्यावर मी आसनावरून उतरलो, खाली उकिडवा बसलो, हात जोडले आणि सर्व सांगितले. बरणी, पहिल्या दिवशी फिरवलेली पाठ, अळ्या, तेरा दिवसांचा उपास, खोटा निरोप. आणि प्रज्ञाचा प्रश्न. म्हटले, दोष दाखवा.

मग राइस मिलमधला धनराज म्हणाला, "गुरुजी, मी तं परवा कोंबडा कापला. मले कोनी काई नाई म्हन्लं." लोक हसले, मलाही हसू आले. मागून कोणी सुचवले, वैनगंगेत सोडून द्या. धनराजच म्हणाला, "आन थे दुसऱ्या मुलखाचे मासे दोन दिवसात मेले मंग?"

सिंधूबाई उठल्या नाहीत, बसूनच बोलल्या. "गोगलगाईचं मले समजत नाई, गुरुजी. तुमी इतके शिकलेले, तुमालेच समजून नाई राह्यलं तं मले काय समजन? पन त्या लहान्याले तुमी तेरा दिवस उपाशी ठेवलं, इथं वरतं बसाचं म्हनून. थे काई बरं नाई केलं तुमी."

"दोष मान्य आहे," म्हणालो.

"हौ," म्हणाल्या. "मंग उद्या आमी मासे पाह्याले येतो."

८ ऑक्टोबर

सकाळी नऊला सिंधूबाई, सोबत विहारातल्या चौघी. सौ.ने चहा केला. प्रज्ञाची खोली लहान, सर्व जणी पलंगाच्या कडेला दाटीने बसल्या. अनोळखी चेहरे पाहून मासे पानांत गेले. मी खुर्ची ओढून बसलो, तेव्हा एकेक बाहेर आला.

"अगंऽ बाई, केवढेसे हायेत!" एक जण म्हणाली. "डोये पाह्य त्याचे, डोये. हा इकडंही पाह्यते आन तिकडंही."

माझ्या तळहातावर एक गोगलगाय होती. सिंधूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मी हात पाण्यात घातला आणि सोडली. ती डोलत खाली गेली, रुंद पानावर टेकली.

धाकटा निघाला. बोटभर अंतरावर थांबला. शेपूट वळवली. तिने अंग बाहेर काढले, दोन्ही शिंगे लांब केली, त्याच्या दिशेने. तो थांबलेलाच. कपातला चहा निवत होता, कोणाचा हात तिकडे गेला नाही.

"दोघंई पाहून राह्यले एकमेकाईले," सिंधूबाई हळूच म्हणाल्या.

माझा हात अजून पाण्यातच होता, मनगटापर्यंत.